न सोडणारा हात

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की बालाघाटच्या माथ्यावर लिंबागणेश लागतं. गावाची ओळख भालचंद्र गणपतीची. गणपतीच्या शापातून सुटण्यासाठी चंद्रानं इथं तप केलं अशी कथा या क्षेत्राशी जोडलेली आहे, आणि चतुर्थीला लांबलांबून माणसं दर्शनाला येतात. बाकी गाव बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही कोरडवाहू गावासारखं. सोयाबीन, कापूस, डोंगरउतारावर सीताफळ, आणि पावसानं पाठ फिरवली की ऊसतोडीचा कोयता. पुढचं शिकायचं तर बऱ्याच मुली बीड गाठतात. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे पासाचा प्रश्न सुटला. स्टँडवरचं थांबणं, दाटीवाटीची गाडी आणि उतरल्यावर वस्तीपर्यंतची पायवाट मात्र जिथल्या तिथे आहे.

या लेखाचा विषय कराटे आहे. त्याचे पट्टे, त्यातलं खरं कौशल्य, आणि अंगावर कुणी चालून आलं तर त्यातलं काय कामाला येतं. या सगळ्याकडे मी लिंबागणेशच्या स्टँडवर उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या बाजूनं पाहणार आहे. कारण दर वेळी काही भयंकर घडलं की तिचंच नाव पुढे करून एक मागणी होते: मुलींना कराटे शिकवा. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलं तेव्हा झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला घडलं तेव्हा झाली. सरकारनंही ती ऐकली. समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिने, शाळेला महिन्याला ५ हजार रुपये. राज्याच्या महिला व बालविकास विभागानं २०२३ मध्ये राजमाता जिजाऊ युवती स्वसंरक्षण प्रशिक्षण प्रकल्प काढला, तो तीन दिवसांचा. मागणी योग्य आहे, हेतू चांगला आहे. त्या तीन महिन्यांत किंवा तीन दिवसांत मुलीच्या हाती नेमकं काय पडतं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही.

पट्ट्याची परीक्षा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. शाळेचं मैदान, सकाळची वेळ. पांढऱ्या गणवेशातल्या मुलामुलींच्या रांगा. समोर टेबल, त्यामागे बाहेरगावचे परीक्षक, बाजूला घड्या घातलेले नवे पट्टे आणि छापील प्रमाणपत्रांचा गठ्ठा. आधी जागेवर उभं राहून पंच, ब्लॉक, किक. प्रत्येक दहाव्या पंचला पोटातून ओरडायचं. मग काता. समोर माणूस नसतो, तो आहे असं धरून ठरलेल्या क्रमानं वळायचं, अडवायचं, मारायचं. शेवटी थोडा कुमिते, म्हणजे दोघांची लढत, आणि तीही बहुतेक वेळा अंगाला लागायच्या आत थांबणारी. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा असे पट्टे चढत जातात. शैलीनुसार क्रम थोडा बदलतो. दर परीक्षेला फी असते. संमेलनाच्या दिवशी पेटती कौलं हातानं फोडली जातात, पोटावर फरशी ठेवून घण घातला जातो, हाताच्या बोटांवरून मोटारसायकल नेली जाते, आणि मांडव टाळ्यांनी दणाणतो.

याची किंमत मी कमी मानत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. अशा जिल्ह्यात मुलगी मैदानावर उतरते, पाय डोक्याएवढा वर नेते, छाती काढून ओरडते आणि तिचे आईवडील ते कौतुकानं पाहतात, ही साधी गोष्ट नाही. शिस्त येते, दम वाढतो, खांदे सरळ होतात. शालेय स्पर्धेत पदक मिळालं तर वाढीव गुणांचा आधार होतो, आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाची आशा गरीब घराला असतेच. पण परीक्षकांसमोर त्या सकाळी जे तपासलं गेलं ते पाठांतर, तोल, चपळाई आणि हजेरी. ती मुलगी स्वतःला वाचवू शकेल का, हे तिथं तपासलंच गेलेलं नसतं. आणि घरी जाताना तिला व तिच्या आईला वाटत असतं की तेच तपासलं गेलं.

पट्ट्यांची ही पद्धत हजारो वर्षांची आहे असं क्लासमध्ये सांगतात. पांढरा पट्टा वर्षानुवर्षं घामामातीनं मळत काळा झाला, अशीही एक गोष्ट फिरते. खरा इतिहास अगदी अलीकडचा आहे. जिगोरो कानो नावाच्या तरुण शिक्षकानं १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात ज्युदोची शाळा काढली, तिचं नाव कोदोकान. पुढच्या वर्षी त्यानं सायगो आणि तोमिता या दोन शिष्यांना पहिली दान श्रेणी दिली. श्रेणीची कल्पना त्यानं 'गो' या पटावरच्या खेळातून घेतली. काळा पट्टा त्याच्याही थोडा नंतर आला. ओकिनावा बेटावरच्या कराटेत तेव्हा पट्टाच नव्हता. गुरू घरच्या अंगणात मोजक्या शिष्यांना शिकवत. अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे ओकिनावाच्या शाळांत नेलं, मोठ्या वर्गाला एकदम शिकवता येईल असे सोपे काता बसवले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी, हेही पेशानं शाळामास्तरच, १९२२ मध्ये टोकियोला प्रात्यक्षिकासाठी आले. कानोनं त्यांना कोदोकानमध्ये बोलावलं. एप्रिल १९२४ मध्ये फुनाकोशींनी कानोची पद्धत उचलून सात जणांना काळे पट्टे दिले; कराटेतले ते पहिले. स्वतः फुनाकोशींच्या कंबरेला त्यांच्या गुरूंनी असला पट्टा कधी बांधला नव्हता. मधले रंगीत पट्टे युरोपात रुजले, १९३५ नंतर पॅरिसमध्ये कावाइशी या ज्युदो शिक्षकानं ते लोकप्रिय केले. एवढंच. कराटेचा काळा पट्टा शंभर वर्षांचा आहे आणि तो शाळामास्तरांनी शाळेच्या सोयीसाठी आणलेला आहे. मोठ्या वर्गात कोण कुठवर आलं हे एका नजरेत कळावं, मुलाला पुढची पायरी दिसावी, यासाठी ती उत्तम सोय आहे.

पण कानोनं दुसरीही एक गोष्ट केली होती, आणि माझ्या मते तीच मोठी. त्याच्या आधीच्या ज्युजुत्सूच्या आखाड्यांत बरेच डाव इतके घातक मानले जात की ते जोडीदारावर पूर्ण जोरानं करून पाहणं शक्यच नसे. मग ते ठरवून, हळू, दोघांच्या संगनमतानं व्हायचे. कानोनं डोळ्यात बोटं घालणं, मारणं, सांधे मोडणं सरावातून बाजूला काढलं, आणि उरलेले डाव रोज, पूर्ण ताकदीनं, प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर करायला लावले. याला ते रांदोरी म्हणतात. काता त्यानं ठेवले, पण रांदोरी रोजची केली. १८८६ च्या सुमारास टोकियो पोलिसांकडे झालेल्या लढतींत कोदोकानच्या पोरांनी जुन्या आखाड्यांच्या नामांकितांना आडवं केलं. कागदावर पाहिलं तर त्यांचे डाव कमी घातक होते. पण ते त्यांनी हजार वेळा अशा माणसावर केले होते ज्याला पडायचं नव्हतं.

फुनाकोशींनी कानोकडून पट्टा घेतला. रांदोरी घेतली नाही. लढतीचा सराव त्यांना पसंत नव्हता, त्यांचा भर शेवटपर्यंत कातावर राहिला. पुढे त्यांच्याच विद्यार्थ्यांनी विद्यापीठांच्या क्लबांतून कुमिते वाढवला, आणि मासुतात्सू ओयामा यांनी क्योकुशिन शैलीत अंगावर थेट मार घेण्याचा रिवाज आणला. कराटेत जिवंत लढत आहे, ती करणारे कसलेले लोकही आहेत. पण तालुक्याच्या गावी तीन महिन्यांच्या वर्गात पोचतो तो पट्टा आणि काता. जोडीदाराचा प्रतिकार वाटेतच गळून पडतो.

हे समजून घ्यायला जपानला जायची गरज नाही. लिंबागणेशच्याच रस्त्यानं पुढे पाटोदा आहे, आणि पाटोदा राहुल आवारेंचं. वडील बाळासाहेब पैलवान. राहुल आधी पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या हाताखाली, मग काका पवारांकडे घडले. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनी गटात सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. या माणसाची श्रेणी काय, पट्टा कोणता, असं कुणी कधी विचारलं नाही. तालमीत पट्टा नसतोच. नवं पोरगं लाल मातीत उतरतं आणि पहिल्याच संध्याकाळी आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. वस्ताद समोर उभा असतो, पण पोराचा पट काढला जातोय की अडतोय हे वस्ताद ठरवत नाही. ते समोरचा ठरवतो. धोबीपछाड येते म्हणून सांगून चालत नाही, आपल्याएवढ्या वजनाच्या, आपली धोबीपछाड ओळखून असलेल्या जोडीदारावर ती बसली तरच ती आली. महाराष्ट्र केसरीची गदासुद्धा लढून घ्यावी लागते आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊ शकते.

कुस्ती म्हणजे स्वसंरक्षण असं मी म्हणत नाही. कुस्तीत बुक्की नाही, चाकू नाही, दोघंतिघं एकदम येत नाहीत, आणि समोरचा आपल्याच वजनाचा असतो. स्टँडवरच्या मुलीला यातलं एकही सुख नाही. पण तालमीकडून घ्यायची ती एक गोष्ट अशी की कौशल्य हे प्रतिकार करणाऱ्या माणसावर तपासलं जातं, टेबलामागच्या माणसासमोर नाही.

हा फरक पाहायचा तर एक सोपी चाचणी आहे, कुठल्याही वर्गात करता येईल अशी. मनगट सोडवणं जवळपास प्रत्येक शिबिरात पहिल्या दिवशी शिकवतात. समोरच्यानं मनगट धरलं की त्याचा अंगठा आणि बोटं जिथं मिळतात तिथं पकड सर्वांत कच्ची असते. आपला हात ओढायचा नाही, तो अरुंद बाजूनं त्या फटीकडे वळवायचा, कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं, अंगाचं वजन त्यामागे घालायचं, हात सुटतो. तंत्र खरं आहे. दोन मैत्रिणी समोरासमोर उभ्या करा. एकीनं धरायचं, दुसरीनं सोडवायचं. दहापैकी दहा वेळा सुटतं, दोघी हसतात, टाळ्या होतात.

आता धरणारीला सांगा, सोडायचं नाही. एवढंच. ती आता नुसती धरून उभी राहत नाही. मनगट धरलं की लगेच स्वतःकडे हिसका देते, समोरचीचा पाय उचलला जातो, तोल जातो, आणि तोल गेल्यावर अंगठ्याची फट शोधायला डोकं जाग्यावर नसतं. दुसरा हात मोकळा असतो, तो वेणीला जातो किंवा ओढणीला. धरणारी मागे भिंतीकडे रेटते. शिकवलेली हालचाल अर्ध्यात येते आणि धरणारीनं नुसतं कोपर वाकवलं की विरते. मुलगी थांबते, शिकवणाऱ्याकडे पाहते. तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते प्रत्येक प्रशिक्षकानं पाहायला हवं. तिला वाटतं आपल्याला जमलं नाही. खरं तर इथून शिकवायला सुरुवात व्हायला हवी: आधी पाय रोवायचे, खाली बसकण मारून वजन जड करायचं, हिसक्याच्या दिशेनंच एक पाऊल आत घुसून कोपर किंवा गुडघा घालायचा, पकड ढिली पडली की मगच हात काढायचा, आणि हात निघाला की उभं राहायचं नाही, पळायचं. हे सगळं ओरडत. आणि दर वेळी धरणारीनं थोडं थोडं अधिक न सोडायचं. आज निम्म्या जोरानं, पुढच्या आठवड्यात पाऊण. एकच हालचाल अशी महिनाभर केली तर ती अंगात उरते. तीस हालचाली एकेकदा केल्या तर प्रमाणपत्र उरतं.

अमेरिकेत या एका मुद्द्यावर एक संपूर्ण प्रशिक्षणपद्धत उभी राहिली. तिच्या उगमाची हकीकत अशी सांगितली जाते की १९७१ मध्ये कराटेत काळा पट्टा असलेल्या एका स्त्रीवर हल्ला होऊन बलात्कार झाला. तिच्या आखाड्यातले लोक तिच्या पाठीशी उभे राहायचे ते सोडून तिनं शैलीची नाचक्की केली म्हणून तिलाच बोलू लागले. मॅट थॉमस या मार्शल आर्टच्या विद्यार्थ्याला ते सहन झालं नाही. त्यानं उलटा प्रश्न केला: तिला जे शिकवलं होतं ते अशा हल्ल्यासाठी होतं का? उभ्यानं, समोरासमोर, नियमानं लढायला तिला शिकवलं होतं. जमिनीवर पाडल्यावर, भीतीनं हातपाय गार पडल्यावर काय करायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्यातून 'मॉडेल मगिंग' ही पद्धत निघाली. त्यात प्रशिक्षक डोक्यापासून पायापर्यंत जाड गाद्यांचं चिलखत घालतो, खऱ्या हल्लेखोरासारखा बोलतो, शिव्या देतो, धरतो, पाडतो. आणि शिकणारी पूर्ण ताकदीनं मारते. छाती धडधडत असताना, तोंडाला कोरड पडली असताना शिकलेलंच त्या अवस्थेत आठवतं, हे त्यामागचं सूत्र.

त्या स्त्रीला बोल लावणाऱ्यांची मला अजूनही चीड येते. पट्ट्यानं दिलेलं खोटं आश्वासन मोडलं की दोष पट्टा देणाऱ्याकडे जात नाही, तो अंगावर बेतलेल्या मुलीकडे जातो. 'कराटे येत होतं ना, मग काय केलंस?' हा प्रश्न उद्या आपल्याही गावात विचारला जाईल, म्हणून हे आजच बोललं पाहिजे.

आता हल्ला करतो कोण, ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२१ मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले, आणि त्यातल्या ९६ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता. वर्षानुवर्षं हे प्रमाण असंच आहे. म्हणजे अंधारातून उडी मारणारा अनोळखी माणूस, ज्याला गृहीत धरून सगळी प्रात्यक्षिकं बसवलेली असतात, तो क्वचित येतो. येतो तो शेजारचा, नात्यातला, वाहन चालवणारा, शिकवणारा, लग्नाचं आमिष दाखवणारा. तो पहिल्याच दिवशी मनगट धरत नाही. आधी उगाच जवळ बसतो, फोन नंबर घेतो, खाऊ देतो, 'आईला सांगू नको' म्हणतो. काताच्या कुठल्याच हालचालीत याचं उत्तर नाही. इथं मुलीला अडवतो तो शक्तीचा अभाव नाही, संकोच अडवतो. मामांना कसं बोलू? सरांना नाही कसं म्हणू? आपल्याकडे मुलीला लहानपणापासून शिकवलं जातं की मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलू नये, आणि नेमकं तेच तिच्या विरोधात वापरलं जातं.

कॅनडात शार्लीन सेन या मानसशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलींना फक्त माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना एकूण बारा तासांचं प्रशिक्षण. वर्षभरानंतर माहितीपत्रकं मिळालेल्यांत बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के निघालं, प्रशिक्षण मिळालेल्यांत ५.२ टक्के. जवळपास निम्मं. बारा तासांत असं काय केलं? हाणामारी त्यात होती, पण तो एक भाग. बाकीचा वेळ ओळखीच्या माणसाचं वागणं कुठे वाकडं वळतंय ते लवकर ओळखण्यावर, आपण नाही म्हणायला का कचरतो ते बोलून मोकळं करण्यावर, आणि आपल्याला काय हवं नको हे स्वतःशी ठरवण्यावर गेला. दोष करणाऱ्याचाच, हे पहिल्या तासापासून ठणकावून सांगितलं जात होतं. कुणाला पट्टा मिळाला नाही. कॅनडातलं विद्यापीठ वेगळं आणि बालाघाट वेगळा, हे मला कळतं. पण बारा तास इतके उपयोगी पडू शकतात हे मोजून सिद्ध झालेलं असताना आपण आपल्या तीन महिन्यांत फक्त पंच मोजत बसलो, तर ते दुःखाचं आहे.

आपल्याकडे याचं रूप काय असेल? एसटीत पाठीमागून हात लागला तर आज मुलगी सरकून उभी राहते, पुन्हा सरकते, शेवटी आधीच्या फाट्यावर उतरून चालत जाते. तिच्याकडून वर्गात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणून घ्यायला हवं: 'ओ काका, हात काढा!' पहिल्यांदा आवाज फुटत नाही. हसू येतं, मान खाली जाते. पंच मारताना जी मुलगी मैदान दणाणून सोडते तिच्या तोंडून हे चार शब्द निघत नाहीत. म्हणून ते पंचाइतक्याच वेळा घोटून घ्यायचे. हात तळवे पुढे करून छातीच्या उंचीवर, एक पाय मागे, नजर थेट, आणि आवाज. ही उभी राहण्याची ढब बघणाऱ्याला भांडणाची वाटत नाही, पण हात अडवायला आणि मारायला तयार असतात. मग कंडक्टरला हाक. मग घरी सांगणं, आणि घरी ऐकलं गेलं नाही तर शाळेत. सखी-सावित्री समिती प्रत्येक शाळेत असावी असा शासननिर्णय मार्च २०२२ चा आहे. तिच्यात कोण आहे हे मुलींना तोंडपाठ हवं. १०९८, १८१, ११२ हे आकडेही.

कायदा शिकवायला एक तास पुरतो, पण तो तास हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खाजगी बचावाच्या हक्काची आहेत. बलात्काराच्या, अपहरणाच्या, ॲसिड फेकण्याच्या हल्ल्यात जीव वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ मुलीच्या बाजूनं उभं राहतं. हे समजलं की 'मी मारलं तर माझ्यावरच केस होईल' ही भीती जाते. मर्यादाही आहे: बचावापुरतंच मारता येतं. तो पडला, वाट मोकळी झाली, तरी परत फिरून मारत राहिलं तर तो बचाव उरत नाही. चांगल्या प्रशिक्षणात म्हणूनच प्रत्येक सराव पळून संपतो. दोनदा मारा आणि दारापर्यंत धावा. ज्या जिल्ह्यानं आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला धावताना पाहिलंय, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसमध्ये रौप्य घेताना पाहिलंय, त्या जिल्ह्यात पळण्याला भित्रेपणा म्हणण्याचं कारण नाही. शिबिराच्या तासातली पंधरा मिनिटं पळण्याला द्यावीत. चपलेनं, सलवारीत, दप्तर टाकून देऊन.

मुलांबद्दलही हेच. गावातला जो मुलगा तपकिरी पट्टा बांधून स्टँडवर छाती काढून फिरतो त्याला कुणीतरी सांगायला हवं की चारजण गाडीतून उतरले आणि हातात रॉड असले तर पट्ट्याचा उपयोग नाही. बीड जिल्ह्याला हे सांगावं लागू नये. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि अमानुष मारहाण करून त्यांचा खून झाला. असल्या हिंसेला कुठल्याच आखाड्यात उत्तर नाही. तिचं उत्तर पोलीस, न्यायालय आणि समाजानं द्यायचं असतं. जो शिक्षक विद्यार्थ्यांना चाकू हिसकावून घेण्याचे सुबक डाव शिकवतो त्यानं एकदा त्यांच्या हातात चाकूऐवजी ओला मार्कर देऊन पाहावा आणि पांढऱ्या गणवेशावर किती रेघा उमटल्या ते मोजावं. त्यानंतर चाकू दिसला की अंतर वाढवणं, मधे काहीतरी आणणं, हातात असलेलं फेकणं आणि निसटणं, एवढंच शिकवावंसं वाटेल.

बीडमधली अजून एक गोष्ट कुठल्याच शिबिराच्या आराखड्यात नसते, ती म्हणजे ऊसतोड. दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात. ज्यांच्या घरी सांभाळायला म्हातारं माणूस असतं त्यांची पोरं मागे राहतात; बाकीची काही हंगामी वसतिगृहात, काही आईबापांबरोबर फडावर. फडावरची कोपी म्हणजे पाचटाचा आडोसा. दाराला कडी नाही, बहुतेक ठिकाणी दारच नाही. आई पहाटे मोळी बांधायला गेली की मुलगी धाकट्याला घेऊन एकटी. तिथं वाईट नजर ज्याची असेल त्याच्या हातात अनेकदा घराची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, असते. अशा माणसाला लाथ मारायला मुलीला शिकवायचं आणि तिच्या बापावरच्या कर्जाचा विचार करायचा नाही, हे बरोबर नाही. तिला हेही माहीत हवं की गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून ठाण्याला परत पाठवता येत नाही. आणि फडावर असं काही घडेल या भीतीपोटी आईबाप तिचं लग्न उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोयत्याला नवराबायकोची जोडी लागते हे एक कारण. 'पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची?' हे दुसरं, आणि ते आईबाप मनापासून बोलतात.

म्हणून माझं म्हणणं कराटे बंद करा असं नाही. जी मुलगी क्लासला जाते तिनं जरूर जावं, पट्टे घ्यावेत, पदकं आणावीत. खेळ म्हणून कराटे सुंदर आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ते होतं. पण आत्मरक्षण या नावाखाली जो सरकारी पैसा येतो त्यातला तास कातात घालवू नये. शाळेला जे १५ हजार मिळतात त्यात गाद्यांचं चिलखत येणार नाही, हे खरं. क्रिकेटचं हेल्मेट, पॅड आणि शाळेतली जुनी मॅट यांत निम्मं काम भागतं. पालकांनी क्लासच्या सरांना पट्ट्याची फी विचारताना एवढंच विचारावं की माझी मुलगी न सोडणाऱ्या हातातून सुटायचा सराव महिन्यातून किती वेळा करते. सर गोंधळले तर समजून घ्यावं, आणि त्यांनाही संधी द्यावी. बहुतेक शिक्षकांना तसं कुणी कधी शिकवलेलंच नसतं.

आणि वेळ. हे प्रशिक्षण आर्थिक वर्ष संपता संपता, जानेवारी ते मार्चमध्ये उरकलं गेलं, तर ज्या मुलींना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्या तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असतात. बीड जिल्ह्यापुरतं तरी ते जूनमध्ये शाळा भरताच सुरू व्हावं, गणपतीपर्यंत संपावं, आणि त्याच तासांना आठवी-नववीच्या मुलग्यांनाही बसवावं, कारण एसटीतला तो हात काही वर्षांपूर्वी कुठल्यातरी शाळेच्या बाकावरच होता. टोळी निघण्याच्या आधी एक तास फक्त फडावर जाणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी ठेवावा. त्यात कोपीत रात्री कोण कुठे झोपणार, मुलगी पाण्याला कुणाबरोबर जाणार, टोळीतल्या कुठल्या दोन बायांना ती हाक मारणार, आणि मोबाइल कुणाजवळ राहणार, एवढं बसून ठरवावं. ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला की मग या गोष्टी बोलायला कुणालाच सवड नसते.